अठ्ठेचाळीस मतांचा खासदार

४ जून २०२४. मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात मतदानयंत्रांवरची मोजणी संपली, तेव्हा शिवसेनेच्या ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर अवघ्या एका मताने पुढे होते. टपाली मतांनी पारडे फिरले आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. दोघांनाही साडेचार लाखांहून अधिक मते होती. बाद टपाली मते होती १११, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. म्हणून ती पुन्हा तपासली गेली.

कायद्याला एक मतही पुरते. लोकांच्या मनाला मात्र पुरत नाही.

पुढे मोबाइलवरच्या ओटीपीने मतदानयंत्र उघडल्याची बातमी पसरली. ती चुकीची होती, कारण हे यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेले नसते. फरक ४८ हजारांचा असता तर या बातमीकडे फारसे कुणी वळूनही पाहिले नसते. फरक निसटता असला की साधी चूकही कारस्थान वाटू लागते, आणि त्याची झळ जिंकलेल्याला बसतेच, प्रामाणिकपणे मते मोजणाऱ्यांनाही बसते. म्हणूनच अशा वेळी प्रत्येक आक्षेपाला उघड, लेखी उत्तर मिळायलाच हवे.

निकालाविरुद्ध कीर्तिकर न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली.