रुमालाखालचा पगार

दिवाळीत वहीपूजन झाले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले गेले, की प्रत्येक पेढीवर एक प्रश्न दबक्या पावलांनी येतो : नोकर माणसांचे यंदा किती वाढवावयाचे? मालक तो मनात विचारतो, उत्तरही मनातच देतो, आणि आकडा पाकिटात घालून, वर मिठाईचा पुडा ठेवून, समोरच्याच्या हाती देतो. घेणारा पाकीट तेथे फोडीत नाही, घरी जाऊन फोडतो. आमच्या पेढीवर ही रीत वडिलांच्या काळापासून चालत आली आणि तीत काही गैर आहे असे आम्हांस साठी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

गेल्या वर्षी हाच प्रश्न उलट्या दिशेने आमच्या घरात आला. आमची नात संगणकाचे शिक्षण घेऊन दोन वर्षे एका लहानशा कचेरीत नोकरी करीत होती. तिला शहरातील एका मोठ्या कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले, निवडही झाली. रात्री लालबागेतील आमच्या घरी जेवणे आटोपल्यावर ती एक कागद घेऊन पुढ्यात बसली व म्हणाली, "आजोबा, तुम्ही आयुष्यभर धान्याचे भाव केलेत. सांगा, ह्यांना किती मागू?" तिच्या आजीने आतूनच उत्तर दिले, की मुलीच्या जातीने पहिल्याच दिवशी पैशाचे बोलू नये, देतील ते घ्यावे. खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हांसही तसेच वाटले.

कागदावर वर्षाचे ६,००,००० रुपये लिहिले होते. नातीचा हिशेब सरळ : महिन्याचे ५०,०००. आम्ही चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला, आणि मग आमच्यातील धान्यव्यापारी जागा झाला. व्यापारी बंधूंनो, हे तर ढोबळ वजन! बारदान, कडता, हमाली, तोलाई सर्व त्याच आकड्यात बसविलेले. आम्ही पेन्सिल घेतली. मूळ वेतन महिना २५,०००. कंपनीने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाचे १२ टक्के, म्हणजे ३,०००, ह्याच सहा लाखांतले. उपदानाची तरतूद सुमारे १,२००, तीही ह्यातच. कामगिरी पाहून वर्षाअखेर देऊ म्हणून राखून ठेवलेले महिना ५,०००. विम्याचे ५००. उरले ४०,३००. त्यातून नातीच्या स्वतःच्या हिश्श्याचा निधी पुन्हा ३,००० आणि व्यवसाय कर सुमारे २०० वजा जाता पदरी पडणार ३७,१००. नात आकड्याकडे पाहतच राहिली.

ह्यात कोणी कोणास फसविले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. निधीचे दोन्ही हिस्से तिच्याच नावावर राहतात. ते कोठीत ठेवलेले धान्य आहे. उपदानाची गोष्ट वेगळी. कायम नोकरीत ते साधारणतः सलग पाच वर्षे पुरी झाल्यावर मिळते, आणि मिळते ते दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. आजची मुले पाच वर्षे एका ठिकाणी टिकतात कोठे? तेव्हा ज्यास तीन वर्षांत नोकरी बदलावयाची आहे, त्याने तो आकडा बेरजेत धरू नये. "कामगिरी पाहून" देण्याच्या रकमेविषयी विचारावे, की गेल्या वर्षी ह्या जागेवरील माणसांस ती पुरी मिळाली काय? पुढे मिळेल म्हटलेल्या पैशाची किंमत इंदूरकरांना निराळी शिकवावयास नको. सर सेठ हुकुमचंद ह्यांच्या नावाची गिरणी १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांचे देणे, रुपये २२४ कोटी, डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागले. तोवर त्यांतील कित्येक जण जग सोडून गेले होते.

मूळ वेतन निम्मेच का, असेही नातीने विचारले. पूर्वी काही कंपन्या ते फारच लहान ठेवीत आणि बाकीची रक्कम नाना भत्त्यांत विभागीत, म्हणजे निधी व उपदान दोन्हींचा भार हलका. २०१९ च्या वेतन संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा असे ठरविले. तेव्हा भत्त्यांची लांब यादी पाहून कोणी हुरळून जाऊ नये.

आता मूळ प्रश्न : मागावे किती? मंडीत नवा आलेला शेतकरीसुद्धा एका आडत्याच्या तोंडचा भाव खरा मानीत नाही. चार ठिकाणी विचारतो. नातीस आम्ही तेच सांगितले. त्याच कामावर वर्षा-दोन वर्षांपूर्वी लागलेल्या तिघा-चौघांना विचार, आणि विचारताना हाती किती पडते ते विचार. सर्वांत मोठा आकडा सांगेल त्याचा धरू नकोस, सर्वांत लहानही नको.

ह्या बाबतीत १९१८ सालची अहमदाबादची हकीकत आम्हांस फार मोलाची वाटते. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आपल्यातलेच, जैन घराण्यातले. आणि कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. कामगार ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी महागाई तपासली, मुंबईच्या गिरण्यांतील दर मागविले, आणि ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला. मग कामगारांस ५० सोडावयास लावले व ३५ वर ठाम उभे केले. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव ह्यांनी ३५ टक्केच मान्य केले. (तो तंटा १८ मार्चास मिटला आणि त्याच महिनाअखेर गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी आमच्या इंदुरात आले.) मोठा आकडा सांगून उतरत जाणे हा बाजारातला जुना खेळ आहे, आम्हीही तो खेळलो आहोत, पण ज्या आकड्यामागे हिशेब आहे, तो सांगताना आवाज कापत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाईंनी दूरध्वनीवर प्रथम विचारले, "सध्या किती मिळते?" नातीस २२,००० मिळत होते. बहुतेक ठिकाणी त्यावर शेकडा अमुक वाढ देऊन विषय संपवितात. आमच्या मते ह्यात मोठीच गफलत आहे. गेल्या हंगामात चणा कोणत्या भावाने घेतला, ह्यावरून आजच्या चण्याचा भाव ठरत नाही. खोटे बोलावयाचे नाही. विचारले तर आकडा सांगावा, आणि लगेच म्हणावे, की ते काम निराळे होते, ह्या कामासाठी आपण कोठपासून कोठपर्यंत ठरविले आहे ते कृपया सांगावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर आधीचा पगार विचारण्यासच २०१६ च्या कायद्याने बंदी केली. कोलोराडोत २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापावी लागते. युरोपीय संघाने २०२३ साली तसाच निर्देश काढून सदस्य राष्ट्रांस जून २०२६ ची मुदत दिली.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, की ही परदेशची थेरे आपल्या पेढीवर कशास? त्यांनी आपल्याच बाजाराचा इतिहास आठवावा. एके काळी दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव करीत, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यास आकडा कळत नसे. वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला. आमच्या मध्य प्रदेशाचा मंडी अधिनियम १९७२ चा. रुमाल गेला, उघडा लिलाव आला. तेव्हाही व्यापार बुडणार म्हणून पुष्कळ ओरड झाली होती. व्यापार बुडाला नाही. मात्र त्याच मंडीत, त्याच गादीवर, मुनीमजींचा पगार आजही रुमालाखालीच ठरतो.

आमच्या पेढीवरील मुनीमजींनी एकतीस वर्षे काम केले. आम्ही गादीवर बसावयास लागलो तेव्हा रोजमेळ कसा जुळवावा हे त्यांनीच आम्हांस शिकविले. त्यांनी कधी वाढ मागितली नाही, आणि न मागणे म्हणजे समाधान, असा सोयीस्कर अर्थ आम्ही लावला. पुढे संगणकावर हिशेब ठेवणारा एक तरुण आम्ही बोलाविला. त्याने बसता बसताच आकडा सांगितला. तो मुनीमजींच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होता. आम्ही पाच मिनिटांत होकार दिला, कारण बाजारात तोच भाव होता. मुनीमजी शेजारीच बसले होते. नव्या माणसाचे खाते त्यांनीच उघडले आणि तो आकडा आपल्या सुंदर हस्ताक्षरात त्यांनीच लिहिला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ते पेढीवर हजर होते. आम्ही त्यांचा पगार वाढविला तो अकरा महिन्यांनी, दिवाळीस, पाकिटात घालून. आणखी दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. एकतीस वर्षांत बाजारभावापेक्षा त्यांना किती कमी पडले, ह्याचा हिशेब आम्ही एकदा करावयास बसलो व अर्ध्यावर सोडून दिला.

नातीने तिसऱ्या दिवशी कंपनीशी बोलणे केले. चौकशीअंती तिचा आकडा ६,९०,००० ठरला होता. तोच तिने कारणांसह सांगितला आणि मग गप्प राहिली. हे गप्प राहणे आम्ही मुद्दाम शिकविले होते. भाव सांगून लगेच स्वतःच खाली येणारे व्यापारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. कंपनीने दोन दिवस घेतले व ६,६०,००० दिले, शिवाय राखून ठेवलेल्या रकमेतील निम्मी महिन्याच्या पगारात घातली. तिच्या आजीने पेढे वाटले.

आमच्या पेढीवर गेल्या दिवाळीपासून पाकीट बंद केले आहे. प्रत्येकास समोर बसवून पगार, त्याचे कारण आणि पुढील वर्षाची अपेक्षा सांगतो, व कागदावर सही करून देतो. पहिल्या दिवशी दोघांनी आकड्यास हरकत घेतली. एकाचे म्हणणे आम्हांस पटले, दुसऱ्याचे नाही.

मुनीमजी आता ऐंशीच्या घरात आहेत. सकाळी लालबागेच्या आवारात काठी टेकीत फेरी मारावयास येतात. नात आमच्याबरोबर होती, तिने नोकरीची वार्ता सांगून त्यांच्या पाया पडली. त्यांनी आशीर्वाद दिला, आकडा विचारला, तो ऐकून थोडा वेळ काठीच्या मुठीकडे पाहिले, आणि म्हणाले, "बेटा, लेखी घेतलेस ना?"