दिलेले पैसे परत कसे येतात?

ग्राहक दुकानात उभा असतो, दुकानदार माल त्याच्या हाती देतो आणि ग्राहक रोख पैसे मोजतो. या व्यवहारात माल आणि पैसा यांची अदलाबदल एकाच वेळी होते. त्यामुळे तंट्याला फारसा वाव राहत नाही. ग्राहक आणि विक्रेता यांच्यामध्ये अंतर पडले म्हणजे मात्र दोघांपैकी एकाला आधी विश्वास टाकावा लागतो. पैसे आधी दिले तर माल न येण्याचा धोका ग्राहकाच्या वाट्याला येतो. माल आधी पाठविला तर पैसे बुडण्याचा धोका विक्रेत्याच्या वाट्याला येतो. दूरच्या व्यापारासाठी जी जी साधने आजवर निघाली, त्या सर्वांना एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे. व्यवहार बिघडला तर वाद मिटेपर्यंत पैसा कोणाच्या हाती राहावयाचा आणि अखेरीस नुकसान कोणी सोसावयाचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आता केवळ मोठ्या व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. छत्तीसगडमधील भिलाई येथील पोलाद कारखाना १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारानुसार उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. उभारणीच्या काळातील कामगारांच्या छावण्यांची आठवण तेथील कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्यांच्या नावांत टिकून आहे. अशा वस्तीतील किराणा दुकानदारही आज मोबाईलवरून पैसे घेतो आणि तेथील कुटुंब दूरच्या शहरातील अनोळखी विक्रेत्याकडून वस्तू मागविते. अशा कुटुंबाचे दोन-तीन हजार रुपये अडकले, तर त्या महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून दिलेले पैसे कोणत्या मार्गाने परत येऊ शकतात आणि कोणत्या मार्गाने येऊ शकत नाहीत, हे सर्वसामान्य नागरिकाने समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

हुंडीची परंपरा

दूरवर पैसे पाठविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. पेशवाईत दूरच्या प्रांतांतील वसूल पुण्यास पाठविण्यासाठी हुंडीचा उपयोग होत असे. हुंड्यांचे अनेक प्रकार होते; त्यांपैकी दोन प्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रकार शाहजोग हुंडीचा. शाह म्हणजे बाजारात पत असलेला प्रतिष्ठित व्यापारी. या हुंडीची रक्कम अशा शाहालाच द्यावयाची असे. पुढे ती हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर ज्या शाहाने पैसे घेतले असतील त्याने ते परत करावेत, असा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. म्हणजे पैसे देणाऱ्याला अज्ञात ठकाचा शोध घेत फिरावे लागत नसे. ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याकडे त्याला बोट दाखविता येई. दुसरा प्रकार जोखमी हुंडीचा. तिची रक्कम माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच देय होत असे. वाटेत माल नष्ट झाला तर हुंडीचे पैसे मागता येत नसत. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ साली झाला, तेव्हा देशी भाषांतील अशा लेखांविषयीचे स्थानिक रिवाज त्या कायद्याने सामान्यतः अबाधित ठेवले.

कार्डाचा उदय आणि ग्राहकाचा हक्क

अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबचे आणि १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेचे कार्ड निघाले. पुढे बँकांनी न मागताच लोकांना टपालाने कार्डे पाठविण्याचा सपाटा लावला. कार्डे चोरीस जाऊ लागली आणि न केलेल्या खरेदीची बिले लोकांच्या दारी येऊ लागली. १९७० साली तेथील कायद्याने न मागता कार्ड पाठविण्यास बंदी घातली आणि चोरीच्या कार्डावरील ग्राहकाची जबाबदारी पन्नास डॉलरांपुरती मर्यादित केली. १९७४ सालच्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने याहून महत्त्वाचे पाऊल टाकले. बिल पाठविल्यापासून साठ दिवसांच्या आत ग्राहकाने लेखी हरकत घेतली, तर चौकशी पुरी होईपर्यंत वादग्रस्त रक्कम वसूल करण्यास बँकेला मनाई झाली. वाद चालू असताना पैसा ग्राहकाकडे राहील, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. चार्जबॅक या नावाने जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली, तिला या तत्त्वाचा मोठा आधार लाभला.

चार्जबॅक म्हणजे विक्रेत्याच्या खात्यातून केलेली उलट वसुली. कार्डाच्या व्यवहारात ग्राहक, ग्राहकाची बँक, विक्रेता आणि विक्रेत्याची बँक असे चार पक्ष असतात. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या देशातील रुपे यांसारखी जाळी या पक्षांना जोडतात. ग्राहकाने तक्रार केली म्हणजे त्याची बँक ती तपासते आणि ठराविक कारण नमूद करून विक्रेत्याच्या बँकेकडे रक्कम मागते. विक्रेत्याची बँक ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून वळती करते. विक्रेत्याला मागणी मान्य नसेल, तर तो मुदतीत पुरावे सादर करून रक्कम पुन्हा मागू शकतो. एवढ्यानेही वाद मिटला नाही तर कार्डाचे जाळे लवादाचे काम करते आणि हरणाऱ्या पक्षाला लवादाचे शुल्कही सोसावे लागते. विक्रेता दिवाळखोर झाला किंवा पळून गेला, तर त्याच्या बँकेला झळ पोहोचते. शाहजोग हुंडीतील शाहाची जागा येथे विक्रेत्याच्या बँकेने घेतली आहे, असे म्हणता येईल.

या मार्गाला मुदतीचे बंधन असते. माल न मिळाल्याच्या तक्रारीसाठी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत सामान्यतः १२० दिवसांची मुदत आढळते. विक्रेता 'आज पाठवितो, उद्या पाठवितो' असे सांगत राहिला आणि ग्राहक स्वस्थ बसला, तर ही मुदत सरून जाते.

तीन तक्रारी, तीन नियम

आपल्या देशात होणारे तंटे नीट पाहिले असता ते मुख्यतः तीन प्रकारचे असल्याचे दिसून येते. तिन्हींचे नियम निरनिराळे आहेत आणि ग्राहकाची अर्धी निराशा हे प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे होते.

पहिला प्रकार असा की, पैसे खात्यातून वजा झाले, परंतु समोरच्याला पोहोचलेच नाहीत. येथे कोणाचाही लबाडीचा हेतू नसतो. यंत्रणेत बिघाड झालेला असतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे अशा व्यवहारांना मुदती ठरवून दिल्या. यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी. दुकानदाराला दिलेल्या रकमेची पोच त्याला मिळाली नाही, तर ती पाच दिवसांच्या आत परत यावी. त्यानंतर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यावी, असे या परिपत्रकाने ठरविले.

दुसरा प्रकार असा की, पैसे गेले, पण खातेदाराने ते पाठविलेच नव्हते. याविषयी ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले. बँकेचा निष्काळजीपणा असेल तर खातेदाराला काहीही सोसावे लागू नये. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास खातेदाराची जबाबदारी शून्य; चार ते सात दिवसांत कळविल्यास ती मर्यादित. खातेदाराने स्वतःच गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. खातेदाराचा दोष सिद्ध करण्याचा भार या नियमांनी बँकेवर टाकला.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील तंट्याचा होय. पैसे ग्राहकाने स्वेच्छेने दिले, ते विक्रेत्याला पोहोचलेही. परंतु माल आला नाही, सदोष आला किंवा भलताच आला. येथे यंत्रणेने आपले काम चोख केलेले असते. चार्जबॅकची खरी कसोटी या ठिकाणी लागते.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व एका गोष्टीवरून ध्यानात येईल. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना वेगळी पडताळणी करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून घातले. मोबाईलवर आलेला ओटीपी भरून व्यवहार पुरा झाला असेल, तर 'हा व्यवहार मी केलाच नाही' हे म्हणणे टिकणे अवघड असते. त्याच ग्राहकाची 'माल मिळाला नाही' ही तक्रार मात्र ओटीपीमुळे दुबळी होत नाही. खरी तक्रार सोडून दुसरीच नोंदविली, तर हाताशी असलेला हक्क गमावण्याची वेळ येते.

यूपीआयचे वेगळेपण

यूपीआयची प्रायोगिक सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत झाली. ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालविते. उधारीच्या कार्डावर ग्राहकाने अद्याप आपला पैसा दिलेला नसतो. यूपीआयवरून मात्र सामान्यतः खात्यातील पैसा क्षणार्धात दुसऱ्या खात्यात जाऊन पडतो. वाद उद्भवतो तेव्हा पैसा विक्रेत्याच्या हाती असतो आणि मागण्याची पाळी ग्राहकावर येते.

यूपीआयमध्येही चार्जबॅक आहे. ग्राहकाची बँक समोरच्या बँकेकडे रक्कम मागते आणि समोरची बँक एकतर पैसे जमा झाल्याची पोच देते किंवा रक्कम परत करते. पूर्वी असे घडे की, समोरची बँक पैसे परत पाठवीत असतानाच ग्राहकाची बँक चार्जबॅकही मागे आणि एकाच रकमेचे दोन दावे उभे राहत. १५ फेब्रुवारी २०२५ पासून अशी पोच किंवा परतावा आल्यास त्यानुसार मागणी आपोआप मान्य किंवा अमान्य होण्याची सोय करण्यात आली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समोरच्या खात्यात पैसे जमा झाले, एवढे सिद्ध होताच पहिल्या प्रकारची तक्रार संपते. माल कसा होता, हे ती पोच सांगत नाही.

म्हणून पैसे कोणत्या खात्यात जातात, याला महत्त्व आहे. समजा, कॅम्प-१ मधील एका गृहिणीने नागपूरच्या विक्रेत्याकडून साडी मागविली. पैसे दुकानाच्या व्यापारी खात्यात गेले असतील, तर माल न मिळाल्याचा दावा बँकेमार्फत करता येतो, कारण त्या विक्रेत्याने व्यापारी म्हणून करार केलेला असतो. तेच पैसे कोणाच्या खासगी मोबाईल क्रमांकावर पाठविले असतील, तर बँकेच्या दृष्टीने ती दोन व्यक्तींमधील देवघेव ठरते आणि घेणाऱ्याच्या संमतीवाचून किंवा कायद्याच्या आदेशावाचून ती उलटविणे सहसा शक्य नसते. 'पैसे परत करतो, पिन टाका' असे सांगणारा ठक याच अज्ञानाचा लाभ उठवितो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. या प्रकारच्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून दोन व्यक्तींमधील 'कलेक्ट' ही पैसे मागण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

विक्रेत्याची बाजू

ग्राहक नेहमी खरा आणि विक्रेता नेहमी खोटा, असे मानणे न्याय्य होणार नाही. माल घेऊन वर चार्जबॅक मागणारे ग्राहकही असतात. अशा वेळी लहान विक्रेता माल गमावतो, रक्कम गमावतो आणि वर बँकेचे शुल्कही भरतो. आलेल्या सूचनेला मुदतीत उत्तर न देणे म्हणजे दावा मान्य करणे, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा खरा विक्रेताही हरतो.

हा तंटा कागदांवर चालतो. म्हणून बिल, कुरिअरची पावती, माल पोहोचल्याची सही किंवा नोंद, ग्राहकाशी झालेला संदेशव्यवहार आणि आधीच कळविलेल्या माल-परतीच्या अटी विक्रेत्याने जपून ठेवाव्यात. ग्राहकाला रक्कम परस्पर परत केली असेल, तर त्याचा पुरावा बँकेला त्वरित द्यावा. अन्यथा तीच रक्कम चार्जबॅकमध्ये दुसऱ्यांदा जाते. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि ग्राहकाच्या बँकेच्या उताऱ्यावर भलतेच नाव असेल, तर प्रामाणिक ग्राहकसुद्धा व्यवहार न ओळखून तक्रार करतो. पैसे पाठविल्याचे चित्र ग्राहकाने मोबाईलवर दाखविले, तरी ती पोच नव्हे. आपल्या खात्यातील नोंद किंवा साऊंडबॉक्सची घोषणा हीच विक्रेत्याची खात्री होय.

विक्रेत्यावर आणखी एक संकट येते. फसवणुकीतून आलेला पैसा एखाद्या ग्राहकाकडून त्याच्या खात्यात पडला, तर पोलिसांच्या सूचनेवरून ते सबंध खाते गोठविले जाऊ शकते. या प्रश्नावर केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली वादग्रस्त रकमेपुरतेच निर्बंध ठेवावेत, अशी भूमिका घेतली. काही शे रुपयांपायी रोजचे भांडवल अडकून पडणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता.

दाद कोठे मागावी

प्रथम विक्रेत्याकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थांनी ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे २०२० सालच्या नियमांत सांगितले आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पूर्वीच्या तीन निरनिराळ्या लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकत्र करण्यात आल्या. लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो. साडीचा रंग विटला काय, हे तो पाहत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे विक्रेता मुंबईचा असला तरी कॅम्प-१ मधील ग्राहकाला दुर्ग येथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. उघड फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकण्यापूर्वीच तो अडविणे शक्य असते.

या सर्व मार्गांवर प्रत्येक ठिकाणी तारीख आणि कागद यांचीच विचारणा होते. ज्या दिवशी व्यवहार बिघडल्याचे लक्षात येईल, त्याच दिवशी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ लिहून ठेवावी, तक्रार वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणती आहे ते ठरवावे आणि ती त्याच शब्दांत बँकेला लेखी कळवावी.