पिकअपचे ब्रेक बदलायला नेमका खर्च किती? गॅरेजचं बिल हातात पडण्याआधी हे समजून घ्या

आल्याची, टोमॅटोची गाडी भरून पुण्याच्या मार्केट यार्डला किंवा वाशीला जाणारा पिकअपवाला डिझेलचा हिशोब तोंडपाठ सांगतो. टायर किती किलोमीटर चालला तेही त्याला माहीत असतं. ब्रेकचं काम निघालं की मात्र गडबड होते. एक गॅरेज दोन हजार सांगतं, दुसरं पंधरा हजार, आणि दोघंही "ब्रेकचंच काम" म्हणतात. यात कुणी लुबाडतंयच असं नाही. ब्रेकचं काम म्हणजे नेमकं कशाचं काम, हे आधी ठरत नाही म्हणून आकड्यांत एवढा फरक पडतो.

आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांना पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि मागच्या दोन चाकांना ड्रम. पुढे लोखंडी डिस्क प्लेट फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. मागे ड्रमच्या आतून लायनर बाहेर दाबले जातात. झिजायचं काम पॅड आणि लायनरचं. ते झिजावेत म्हणूनच बनवलेले असतात. ते वेळेवर बदलले तर खर्च थोडक्यात भागतो. वेळ घालवली की झीज पुढे डिस्क आणि ड्रमपर्यंत जाते, तिथून बिल वाढायला लागतं.

आता आकडे. गाडीचं मॉडेल, पार्टची कंपनी आणि गाव यानुसार ते पुढेमागे होतील, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. पुढच्या दोन्ही चाकांचा पॅड सेट साधारण १,००० ते २,५०० रुपयांत येतो. मागच्या लायनरचा सेटही जवळपास तेवढ्यालाच. ब्रेक ऑइलचा अर्ध्या लिटरचा डबा दीडशे ते तीनशे. मजुरी एका बाजूची, म्हणजे पुढची जोडी किंवा मागची जोडी, चारशेपासून हजारापर्यंत. म्हणजे सगळं साधं काम वेळेत केलं तर चारही चाकांचं तीन ते साडेसात हजारांत होतं.

डिस्क प्लेट खराब झाली असेल तर एकीलाच दोन-तीन हजार पडतात आणि बदलायची ती जोडीनेच. मागची व्हील सिलिंडर गळत असतील तर नग पाचशे-सातशेच्या आसपास. ड्रमवर चर पडले असतील तर लेथवाल्याकडून टर्निंग करून घ्यायचे, त्याचे प्रत्येकी काही शे रुपये. हे सगळं एकदम निघालं की तेच काम दहा-पंधरा हजारांवर जातं. मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर निघाला तर त्याच्याही वर.

थोडा दुसऱ्या बाजूनेही हिशोब करू. समजा चारही चाकांना आठ हजार लागले आणि ते काम चाळीस हजार किलोमीटर टिकलं. किलोमीटरला वीस पैसे झाले. तीच गाडी लिटरला तेरा किलोमीटर देत असेल आणि डिझेल नव्वदच्या आसपास असेल, तर किलोमीटरला सात रुपये डिझेलचेच जातात. सात रुपयांवर आपण रोज घासाघीस करतो आणि वीस पैशांचं काम "पुढच्या फेरीनंतर बघू" म्हणून ढकलतो. घाटात आणि भरून चालणाऱ्या गाडीचे ब्रेक चाळीस हजार टिकणार नाहीत, हेही खरं. पण अर्धेच टिकले तरी हिशोब चाळीस पैशांवर जातो, रुपयावर नाही.

झीज कशी ओळखायची

नव्या पॅडची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. ती ३ मिलिमीटरवर आली की बदलायची वेळ झाली. चाक काढलं की हे डोळ्यांना दिसतं. पंक्चर काढायला चाक उतरवलंच असेल तर तेवढ्यात वाकून बघायला काही पैसे पडत नाहीत. ब्रेक मारल्यावर बारीक चीं-चीं आवाज येत असेल तर पॅड संपत आले असतील. कर्रकर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून त्याची पत्री डिस्कला लागलीय. त्या आवाजावर आठवडाभर गाडी चालवली की दोन हजारांचं काम सात-आठ हजारांवर गेलंच म्हणून समजा.

पेडल खाली जातं, दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागतो, ही खूण वेगळी. यात ऑइल गळती, लाइनमध्ये हवा किंवा मास्टर सिलिंडरची वॉशर गेलेली असू शकते. अशी गाडी भरून रस्त्यावर काढू नका. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक एका चाकाचं कॅलिपर जाम असतं किंवा एका बाजूच्या लायनरवर तेल उतरलेलं असतं. मागच्या हबचा ऑइल सील गेला की हे नेहमी होतं. तेल लागलेला लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिशपेपर मारून परत बसवणारे आहेत. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. सील नवा आणि लायनरही नवा, तोही दोन्ही चाकांना, हाच त्यावर इलाज.

ऑइलची डबी खाली गेली की...

बॉनेटमधल्या ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी कमी दिसली की बरेच जण नुसतं ऑइल टाकून मोकळे होतात. पॅड जसे झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे कमी झालेली पातळी हीच पॅड संपत आल्याची सूचना असते. वरून भर घातली की सूचना झाकली जाते. आधी पॅड बघा, गळती बघा, मग ऑइल टाका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ ला हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही, याचं हे एक कारण. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं जुनं ऑइल काढून नवं भरावं. खर्च पाचशेच्या आसपास. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच भरा, आणि इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं ऑइल त्यात चुकूनही जाऊ देऊ नका. रबरी वॉशर फुगतात आणि सगळी लाइन खोलायची पाळी येते.

कुंभार्ली, पसरणी किंवा खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा उतार, इथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आणि इंजिनच बंद करणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. एक-दोन ब्रेक नीट लागतात, मग पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची सांगी आजही बरोबर आहे. आणि वजनाचं बघा: रिकामी गाडी आणि पूर्ण भरलेली गाडी यांच्या वजनात जवळपास दुपटीचा फरक पडतो, ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. १.७ टनाच्या गाडीत अडीच टन भरणाऱ्याने पॅड लवकर संपतात अशी तक्रार करू नये. ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो, वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, तो वेगळाच. लग्नाचं वऱ्हाड नाहीतर ऊसतोडीची माणसं मागं उभी करून नेणाऱ्यांना काय सांगायचं!

गॅरेजमध्ये काय बोलायचं

काम सुरू करण्याआधी पार्ट, मजुरी आणि लेथ वेगवेगळे सांगायला लावा. काढलेले जुने पॅड-लायनर परत मागा. मागणारं गिऱ्हाईक दिसलं की कामही जरा नीट होतं, हा अनुभव बहुतेक गाडीवाल्यांचा आहे. डिस्क बदलायला सांगितली तर का ते विचारा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजून त्याच्या खाली भरली किंवा तडा असेल तर बदला, नुसत्या बारीक रेघा असतील तर घाई नको. ड्रमलाही टर्निंगची मर्यादा असते. त्यापुढे कातलेला ड्रम पातळ होतो, ते पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

डुप्लिकेट पार्टचा बाजार मोठा आहे. सीलबंद पाकीट, त्यावरची छापील किंमत, महिना-वर्ष बघून घ्या आणि पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. म्हणजे कराआधी हजाराला असलेली वस्तू १,२८० ऐवजी १,१८० ला पडायला हवी. पाकिटावर त्याआधीचा महिना दिसला तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

विम्यातून हे पैसे मिळतील ही आशा ठेवू नका. झीज विम्यात बसत नाही. उलट गाडी चांगल्या स्थितीत ठेवणं ही पॉलिसीची अटच असते, त्यामुळं अपघातानंतर सर्व्हेअरसमोर ब्रेकच्या कामाचं बिल उपयोगी पडतं. पासिंगलाही ब्रेक तपासले जातात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, तेव्हा कामाची वेळ त्या तारखेच्या आधी महिनाभर धरली तर आयत्या वेळची पळापळ टळते.

नवे पॅड-लायनर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी शक्यतो पूर्ण भरू नका आणि जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो. गॅरेजमधून निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबून ते कडक लागतंय का बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या.