सप्ताळूवरील जादा फळांची विरळणी

सप्ताळू, म्हणजे बाजारांत ज्यास पीच म्हणतात तें फळ, मूळचें चीन देशांतलें. हिवाळ्यांत पुरेशी थंडी मिळाल्यावांचून त्याचे डोळे नीट फुटत नाहींत. म्हणून काश्मीर, हिमाचल व कुमाऊं हींच आपल्याकडील त्याचीं खरीं घरें. थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती निघाल्यापासून पंजाबच्या मैदानांतील परसांतही तो दिसूं लागला आहे. हौसेनें लावलेलें झाड तीन-चार वर्षांत फळांनीं लगडतें, आणि मालकाच्या आनंदास पारावार राहत नाहीं. अडचण येथूनच सुरू होते.

बहुतेक जातींस दुसऱ्या झाडाच्या परागाची गरज नसते. हवा अनुकूल असली कीं फुलें मोठ्या प्रमाणांत धरतात. वास्तविक शेंकडा दहा फुलें धरलीं तरी झाडास पुरेसें पीक येतें. कांहीं फळें आपोआप गळतात, परंतु त्या गळीवर विसंबूं नये. शिवाय हें फळ गेल्या वर्षींच्या कोंवळ्या डहाळीवर येत असल्यामुळें सर्व भार फांदीच्या टोंकाकडे पडतो. फळ पिकूं लागलें, वर पावसाची एक सर आली, कीं जोडापाशीं फांदी उभी चिरते. अशा जखमेंतून डिंक वाहतो, कीड शिरते, आणि कित्येकदां झाडच हातचें जातें.

तेव्हां विरळणी करावीच. व ती आंतील कोय कठीण होण्यापूर्वीं करावी. परीक्षा सोपी आहे. एक कोंवळें फळ सुरीनें आडवें चिरावें. सुरी आरपार गेली तर वेळ आहे. कोय लागली तर राहिलेलीं फळें फारशीं पोसणार नाहींत, मात्र फांदी वांचविण्यापुरता उपयोग तेव्हांही होतो.

एका हातानें डहाळी धरून दुसऱ्यानें फळ हळूच पिळून काढावें. जुळीं, किडकीं व खुरटीं प्रथम जावींत. उरलेल्यांत सहा ते आठ इंचांचें अंतर असावें; लौकर पिकणाऱ्या जातींस वाढीस दिवस थोडे, म्हणून त्यांस अंतर अधिक द्यावें. एका फळामागें तीस-चाळीस पानें हें प्रमाण साधारणपणें मानतात. घरांतील मंडळींस ही कत्तल पाहवत नाहीं, त्यामुळें हें काम एकट्यानें उरकणें बरें! वजनांत थोडी घट येते खरी, पण फळ मोठें व गोड मिळतें.

हिवाळ्यांत जुन्या डहाळ्यांची नेटकी छाटणी केली असेल तर हा निम्मा खटाटोप वांचतो. माझ्या मतें परसांतील झाडांची खरी हेळसांड तेथेंच होते. भार तरीही जास्त वाटल्यास फांदीखालीं बेचकें द्यावें व टेंकूच्या जागीं गोणपाटाची घडी ठेवावी.

तोडलेलीं फळें बुंध्याशीं पडूं देऊं नयेत. गुरांपुढेंही टाकूं नयेत, कारण या झाडाच्या पानांत व बियांत विषारी अंश असतो. खड्डा करून मातीखालीं पुरावींत.