सावली कुठे गेली?

मंडळी, "भर दुपारी सूर्य डोक्यावर आला," असे आपण नेहमी म्हणतो. पण तो खरोखर बरोबर डोक्यावर येतो का?

दर्यापूर तालुक्यातील एका गावी मे महिन्यात आमचा वर्ग चालू होता. तेथे यावरूनच वाद पेटला. सहावीतली एक मुलगी सुटीत आईबरोबर वर्गाला येई. मोबाईल पाहून ती म्हणाली, "आबाजी, सूर्य वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येते. आपल्या इकडे 25 मेले."

आबाजी हसले. "काहीतरीच! साठ वर्सं झाले मी वावरात राबतो. सूर्य रोजच डोक्यावर येते. त्या डबड्याले काय समजते?"

आम्ही कोणाचीच बाजू घेतली नाही. म्हटले, काठीलाच विचारू.

आधी त्या डबड्याविषयी सांगतो. मोबाईलच्या पोटात सगळे ज्ञान भरलेले नसते. ते दूर ठेवलेले असते. पत्ता टाकला की त्यातले पान आपल्यापुढे उघडते. अशा पानांच्या जागेला वेबसाईट म्हणतात. पुस्तकात संकेतस्थळ असा शब्द येतो. आम्ही वेबसाईटच म्हणतो, कारण गावात तेच म्हणतात.

पान कोणाचे आहे, हे मात्र आधी पाहावे. घराच्या दारावर पाटी असते, तशी पानावरही असते. मुलीने पाहिलेले पान 'ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया'चे होते. ही आकाशाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची संस्था आहे. आपले ठिकाण निवडले की बिनसावलीचा दिवस तिथे कळतो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मजकुराला बहुधा अशी पाटीच नसते.

25 मे उजाडला. ऊन काय होते म्हणून सांगावे! डोक्याला दुपट्टे बांधून सगळे पटांगणात जमले. सपाट फरशीवर तीन फुटी काठी रोवलेला डबा ठेवला. गवंडीभाऊंनी ओळंबा लावून ती सरळ केली. ओळंब्याशिवाय हा प्रयोग करू नये. काठी जरा कलली तरी सावली दिसते आणि शास्त्र खोटे ठरते.

घड्याळात बारा वाजले. सावली होतीच. आबाजी म्हणाले, "पाहा, गेली का?" पण आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले आहे. आपण तिच्या बरेच पश्चिमेला. म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. सव्वाबारा झाले, सावली बोटभर राहिली. आणखी दोन-तीन मिनिटे गेली आणि काठीच्या बुडाशी काहीच उरले नाही. पोरे स्वतःच्या पायाखाली सावली शोधू लागली.

आबाजी खाली वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "असं कायच्यानं होते?"

पृथ्वी कलती राहून सूर्याभोवती फिरते. त्यामुळे सूर्य सहा महिने उत्तरेकडे सरकतो, सहा महिने दक्षिणेकडे. उत्तरेला जाताना मेच्या मध्याला तो मुंबईच्या डोक्यावर येतो, मग अकोल्याच्या, मग अमरावतीच्या. कर्कवृत्तापर्यंत जाऊन 21 जूनच्या सुमारास तो परत फिरतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. 22 डिसेंबरला हीच तीन फुटी काठी आपल्याकडे भर दुपारी जवळजवळ तीन फूट सावली पाडते. आबाजींनी ती हिवाळ्यातली सावली साठ वर्षे पाहिली होती, पण मोजली नव्हती.

सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू नये. पाहायची ती सावली.

अशी आणखी पाने आहेत. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 साली ते पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांत गेले. तिथे मुलांना विज्ञान शिकवण्याचे काम चालू होते. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंची खेळणी कशी करावी, हे त्यांच्या वेबसाईटवर चित्रांसह आहे. मराठी पुस्तकेही आहेत, आणि सारे फुकट. मराठी विश्वकोशही आता असाच वाचता येतो. त्याची भाषा जड आहे. दोघांनी मिळून वाचावा.

त्या दिवसापासून आबाजींनी काठी अंगणातच ठेवली आहे. सूर्य परत जाताना 18 किंवा 19 जुलैच्या सुमारास तो पुन्हा आमच्या डोक्यावर येणार. तेव्हा आभाळ भरलेले असते. आबाजी म्हणतात, "दुपारी दहा मिनिटं उघडीप भेटली तरी पुरे."