माशाच्या शरीरांतील आवर



रंकाळ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य कोल्हापूरकरांना अपरिचित नाहीं. त्याच्या गळांतून निसटलेल्या माशाच्या ओठाला जखम होते, पाण्यांतले जंतु तींत शिरतात. तरीहि पुष्कळदां ती भरून येते. हें कसें घडतें?

जखमेपाशीं प्रथम भक्षक पेशी धांवून येतात, जंतूंना गिळतात आणि दाह सुरू होतो. पण दाह हा विस्तवासारखा आहे. चुलींत असला तर अन्न शिजवितो, आढ्याला लागला तर घर जाळतो. तो वेळीं शमावा म्हणून शरीरांतल्या पेशीच एक प्रथिन स्रवितात. त्याचें नांव इंटरल्यूकिन-१०. भक्षक पेशींना तें जणूं ‘आतां पुरे’ असा निरोप देतें. १९८९ सालीं उंदराच्या पेशींच्या अभ्यासांतून तें प्रथम उजेडांत आलें. २००३ सालीं आपल्याकडे तळ्यांत पाळल्या जाणाऱ्या सायप्रिनस माशांतहि त्याचा जनुक सांपडला. इतका हा आवर पुरातन आहे.

मात्र हाच निरोप शत्रूनें धाडला तर? सायप्रिनसचा संहार करणारा एक विषाणु आहे. नागिणीच्या विषाणूचा तो दूरचा नातलग. त्याच्याजवळ याच प्रथिनासारखें प्रथिन बनविणारा जनुक आहे, आणि तें प्रथिनहि माशाच्या भक्षक पेशींना शांत करतें.

म्हणून मत्स्यपालकाला केवळ ‘प्रतिकारशक्ति वाढवा’ असें सांगणें अपुरें होय. शक्तीला योग्य वेळीं थांबतां येणें, हाहि आरोग्याचाच भाग आहे.