विकतच्या रोपांबरोबर येणारा करपा

रोप हे पिकाचे मूळ भांडवल होय. बियाणे पारखून घेणारा आणि खताचा हिशेब काटेकोरपणे ठेवणारा शेतकरीदेखील रोप मात्र पुष्कळदा केवळ डोळ्यांना बरे दिसले म्हणून विकत घेतो. हिरवेगार पान, जोमदार शेंडा आणि माफक किंमत एवढे पाहून व्यवहार पुरा होतो. परंतु दिसते तसे नसते, ही म्हण रोपांच्या बाबतीत विशेष खरी ठरते. रोप शेतात येते तेव्हा त्याच्या मुळांत, पानांत आणि मातीत जे काही दडलेले असेल तेही त्याच्याबरोबर येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००९ साली या गोष्टीचा फार मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. तो प्रसंग दूर देशातील असला तरी त्यातून मिळणारा धडा रोपे विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

साखळी दुकानांतील रोपविक्री

अमेरिकेत घरदुरुस्तीचे सामान विकणारी प्रचंड दुकाने आहेत. खिळे, रंग, लाकूड, नळ यांच्याबरोबरच तेथे एका बाजूस रोपांचाही विभाग असतो. एकाच कंपनीची अशी शेकडो दुकाने देशभर पसरलेली असल्याने त्यांस साखळी दुकाने असे म्हणतात. वसंत ऋतू लागला की परसात बाग करणारे लोक टोमॅटो, मिरची, वांगी यांची आणि फुलझाडांची रोपे तेथून घेऊन जातात. मोठे पुरवठादार ही रोपे काचगृहांत लक्षावधींच्या संख्येने वाढवितात आणि मालमोटारींतून निरनिराळ्या राज्यांतील दुकानांकडे पाठवितात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत असल्याने रोपांची किंमत कमी ठेवता येते.

या रोपांविषयी जाणकार बागाईतदारांची तक्रार मात्र जुनी आहे. तिची कारणे पाहू गेल्यास रोप मुळातच वाईट असते असे नाही. मालमोटारीतून नुकतेच उतरलेले रोप बहुधा चांगलेच असते. त्याची हेळसांड सुरू होते ती दुकानात मांडल्यानंतर. बऱ्याच ठिकाणी अशी व्यवस्था आहे की, रोपाची विक्री गल्ल्यावर नोंदली जाईपर्यंत त्याची मालकी पुरवठादाराकडेच राहते. साहजिकच सुकलेल्या रोपाचे नुकसान दुकानास सोसावे लागत नाही. रोपांना पाणी घालणारा नोकर हा माळी असतोच असे नाही. त्यास इतर दहा कामे असतात. कुंडीतील पीट नावाचे माध्यम एकदा कोरडे पडले की सहजासहजी पाणी शोषून घेत नाही. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने निघून जाते, वरचा थर ओला दिसतो आणि मुळे तहानलेलीच राहतात. विक्री न झालेले रोप त्याच लहान कुंडीत राहिले की मुळे गोल गोल फिरू लागतात आणि पुढे जमिनीत लावल्यावरही ती लवकर पसरत नाहीत. गिऱ्हाइकाची नजर फुलावर जाते म्हणून पुष्कळ रोपे वेळेपूर्वीच फुलावर आणली जातात. फुलावर आलेले रोप दिसते सुंदर, परंतु त्याचा जोम मुळे धरण्याऐवजी फुलांवर खर्च होतो.

हे सर्व दोष खरे असले तरी त्यांची हानी विकत घेणाऱ्यापुरतीच मर्यादित असते. काही दुकाने तर वर्षाच्या आत मेलेल्या झाडाची किंमत पावती दाखविल्यास परत करतात. रोपातून जेव्हा संसर्गजन्य रोग येतो तेव्हा मात्र गोष्ट निराळी होते. दुकान रोपाची किंमत परत करील. शेजाऱ्याचे बुडालेले पीक कोण भरून देणार?

२००९ सालचा प्रसंग

टोमॅटो व बटाटा या पिकांवर येणारा उशिराचा करपा हा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसदृश सूक्ष्म जीवापासून होतो. १८४५ सालापासून पुढे काही वर्षे आयर्लंडमधील बटाट्याचे पीक ज्याने नष्ट केले आणि ज्या दुष्काळात सुमारे १० लक्ष माणसे मृत्यू पावली, तो हाच रोग होय. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो एरवी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, तोही सर्वच वर्षी सारख्या प्रमाणात नव्हे, असा दिसत असे. २००९ साली मात्र तो जून महिन्यातच प्रकट झाला आणि पाहता पाहता अनेक राज्यांत पसरला.

कॉर्नेल विद्यापीठातील व इतर ठिकाणच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी चौकशी केली तेव्हा मोठ्या साखळी दुकानांत विक्रीस मांडलेल्या टोमॅटोच्या रोपांवरच हा रोग आढळून आला. रोगाचे मूळ नेमके कोठे, याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु रोगट रोपे अनेक राज्यांतील दुकानांच्या मांडण्यांवर होती, हे दृष्टोत्पत्तीस आले. उरलेली रोपे दुकानांतून काढून घेण्यात आली. तोपर्यंत पुष्कळ रोपे लोकांच्या परसात जाऊन पोहोचली होती.

त्या वर्षी दोन गोष्टी रोगास अनुकूल ठरल्या. २००८ सालच्या आर्थिक मंदीनंतर घरच्या घरी भाजी पिकविण्याचा उत्साह वाढला होता आणि अनेकांनी प्रथमच टोमॅटो लावले होते. अशा हौशी बागाईतदारांस करप्याची लक्षणे ओळखता येणे कठीण होते. दुसरे असे की, जून महिना थंड व पावसाळी गेला. परिणामी प्रत्येक परस हे रोगाचे लहानसे केंद्र बनले. तेथून वाऱ्यावर उडालेले बीजाणू टोमॅटो व बटाटा यांच्या मोठ्या शेतांवर उतरले. रासायनिक औषधे न वापरणाऱ्या सेंद्रिय शेतकऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट झाली. ताम्रयुक्त फवारणी हाच त्यांच्यापाशी मुख्य उपाय होता आणि ती रोग येण्यापूर्वी केली तरच उपयोगी पडते. ज्यांनी दुकानातून एकही रोप आणले नव्हते अशांचेही उभे पीक त्या वर्षी काळे पडले.

रोग आधी का दिसला नाही?

करप्याचा बीजाणू ओल्या पानावर पडला की काही तासांतच पानात शिरतो. साधारणपणे १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि दीर्घकाळ ओले राहिलेले पान ही स्थिती त्यास मानवते. आत शिरल्यावर सुमारे ३ ते ७ दिवस पानावर काहीच दिसत नाही. या मुदतीत रोप रोपवाटिकेतून निघून मालमोटारीतून शेकडो मैल प्रवास करू शकते आणि दुकानात निरोगी म्हणून मांडले जाऊ शकते. पुढे पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट हिरवे डाग पडतात, खोडावर तपकिरी लांबट चट्टे उमटतात आणि दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूस पांढरट लव दिसू लागते. या लवेतील असंख्य बीजाणू दाटीने मांडलेल्या शेजारच्या रोपांवर पडतात. वरून झारीने किंवा नळीने पाणी घातल्याने पाने ओली राहतात आणि एका रोपाचा रोग साऱ्या मांडणीस लागतो.

हा प्रसंग एकटा नाही. २०१९ साली रोडोडेंड्रॉन या शोभेच्या झाडाच्या रोपांबरोबर ओक वृक्षांस मारणाऱ्या फायटोप्थोरा रॅमोरम या रोगकारकाचा प्रसार झाल्याचे आढळले आणि संशयित रोपे १८ राज्यांत पाठविली गेली होती असे निष्पन्न झाले. एका ठिकाणी वाढविलेली रोपे अनेक ठिकाणी पोहोचविणारी व्यवस्था ही रोगासही तितकीच सोयीची असते, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध

महाराष्ट्रात भाजीपाल्याची रोपे गादीवाफ्यावर स्वतः तयार करण्याची रीत जाऊन खाजगी रोपवाटिकांतून ट्रेमध्ये, नारळाच्या भुशात वाढविलेली रोपे विकत घेण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. ही पद्धत सोयीची आहे व तिचे फायदे पुष्कळ आहेत. तथापि एकाच रोपवाटिकेतील रोपे अनेक गावांत जातात, हे साम्य विसरता येणार नाही. पुणे, नाशिक, सातारा या जिल्ह्यांत टोमॅटो व बटाटा शेजारी शेजारी घेतले जातात. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि सकाळचे धुके एकत्र आले म्हणजे करप्यास हवी ती सर्व सामग्री तेथे मिळते. फळझाडांच्या रोपवाटिका व त्यांतील विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्यात १९६९ सालापासून आहे. परंतु कोणताही कायदा खरेदीदाराच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून रोपे घेताना पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. रोप ट्रेमधून अलगद काढून मुळे पाहावीत. ती पांढरी व भुशास धरून असावीत. तपकिरी, सडलेली किंवा तळाशी गुंडाळलेली मुळे असल्यास रोप घेऊ नये.

२. टोमॅटोचे रोप साधारणतः २५ ते ३० दिवसांचे असावे. उंच, नाजूक व पिवळट रोप दाटीत किंवा कमी प्रकाशात वाढलेले असते. फुलावर आलेले रोप स्वस्त मिळाले तरी टाळावे.

३. पाने उलटून पाहावीत. पांढरी माशी, फुलकिडे किंवा पांढरट लव खालच्या बाजूस आढळते. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरविते, हे लक्षात असावे.

४. खोडावर, विशेषतः मातीलगत, काळे वा तपकिरी चट्टे नाहीत याची खात्री करावी.

५. केवळ आपल्या हाती दिलेला ट्रे पाहू नये. शेजारचे ट्रेही पाहावेत. एका ट्रेमध्ये रोग दिसल्यास निरोगी दिसणारे शेजारचे ट्रेदेखील संशयित समजावेत.

६. पावती घ्यावी. तीवर जात, पेरणीची तारीख व रोपांची संख्या लिहून घ्यावी आणि पीक निघेपर्यंत ती जपून ठेवावी.

७. आणलेली रोपे लगेच न लावता, वय जास्त होणार नाही अशा बेताने, जुन्या पिकापासून दूर पाच-सहा दिवस ठेवावीत. त्यांस पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पाने दिवसा सुकतात. दडलेला रोग बहुधा या अवधीत बाहेर पडतो.

८. रोगट रोप आढळल्यास ते बांधावर फेकू नये. ते मुळासकट काढून खोल पुरावे आणि त्याच दिवशी रोपवाटिकेस व गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यास कळवावे.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या शेतात रोग आला हे सांगण्याचा पुष्कळांस संकोच वाटतो. परंतु करप्याच्या बाबतीत गुप्तता म्हणजे साऱ्या शिवाराचे नुकसान होय. अमेरिकेतील त्या वर्षी अनेकांनी रोग ओळखला नाही, म्हणून तो पसरला. ओळखूनही न सांगणे हे त्याहून घातक ठरेल. पारखून घेतलेले रोप केवळ घेणाऱ्याचेच नव्हे, तर त्याच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचेही पीक राखते.